स्थायी समिती की प्रभाग समिती : कचऱ्याचं आणि पार्किंगचं गाऱ्हाणं कुठे न्यायचं?

घंटागाडी दोन दिवस फिरकली नाही की सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी हमखास लिहितं, 'हा विषय स्थायीत लावून धरा.' उलट कचरा डेपो शहराबाहेर हलवा म्हणून निवेदन घेऊन मंडळी प्रभाग समितीच्या बैठकीला जातात. दोन्हीकडून हात हलवत परत यावं लागतं. गफलत होणं साहजिक आहे. दोन्ही समित्यांत नगरसेवक बसतात, दोन्हींना अध्यक्ष असतो, दोन्हींची विषयपत्रिका निघते. पण एकीकडे खर्चाला मंजुरी मिळते आणि दुसरीकडे त्या खर्चातून गल्लीत काय झालं याची झाडाझडती होते.

आधी स्थायी समिती. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे तिच्यात १६ सदस्य असतात. दरवर्षी निम्मे निवृत्त होतात, पहिल्या वेळी कोण बाहेर जाणार ते चिठ्ठ्या काढून ठरतं. (मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा लागू आहे आणि तिथली स्थायी समिती याहून मोठी असते.) आयुक्तांचं अंदाजपत्रक आधी इथे येतं, मग सगळ्या नगरसेवकांच्या मुख्य सभेत जातं. ठरावीक रकमेच्या वरचे ठेके इथल्या मंजुरीशिवाय होत नाहीत. त्यामुळे विषयपत्रिकेवर गल्लीचं नाव सहसा सापडणार नाही. सापडेल ते असलं काही : 'घनकचरा व्यवस्थापन विभागाकडील यांत्रिकी पद्धतीने रस्ते झाडणकामाच्या निविदेस मान्यता मिळणेबाबत.' एका ओळीचा विषय, पण त्यामागे अनेक वर्षांचा ठेका असतो. गाड्या किती, फेऱ्या किती, वजन कुठे करायचं, फेरी चुकली तर दंड किती, हे सगळं त्याला जोडलेल्या कागदांत असतं. ते कागद सदस्य किती वाचतात, हा वेगळाच विषय. 'आयत्या वेळचे विषय' म्हणून टेबलावर आलेला प्रस्ताव वाचायला तर वेळच मिळत नाही.

घरोघरचा कचरा कुणी गोळा करायचा, हा प्रश्नही याच पातळीवरचा. पुणे महापालिकेने २००८ मध्ये कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी करार केला. नागरिक दरमहा शुल्क देतात आणि संस्थेचे सभासद दारातून ओला-सुका कचरा वेगळा नेतात. अशी पद्धत चालू ठेवायची की ठेकेदार आणायचा, हे एखादी प्रभाग समिती आपल्या हद्दीपुरतं ठरवू शकत नाही. मुंबईतल्या देवनारसारख्या, १९२७ पासून कचरा झेलणाऱ्या क्षेपणभूमीचं पुढे काय करायचं, हेही नाही.

आता प्रभाग समिती. हिचं मूळ घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीत आहे, जी १ जून १९९३ पासून अमलात आली. तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत अशा समित्या नेमणं बंधनकारक झालं. याच दुरुस्तीने घटनेला बारावी अनुसूची जोडली. तिच्या १८ विषयांत सहाव्या क्रमांकावर घनकचरा व्यवस्थापन आहे आणि सतराव्यात पथदिवे, बसथांबे यांच्या जोडीला वाहनतळ. एका समितीखाली अनेक निवडणूक प्रभाग येतात. पुण्यात १५ क्षेत्रीय कार्यालयांच्या हद्दीनुसार हा कारभार चालतो. त्या भागातले नगरसेवक, तिथला महापालिकेचा अधिकारी आणि सामाजिक संस्थांमधून घेतलेले जास्तीत जास्त तीन नामनिर्देशित सदस्य, अशी हिची रचना. ही तीन पदं खऱ्या संस्थांच्या वाट्याला येतात की पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोय होते, ते आपापल्या भागात डोकावून पाहावं.

कायद्याने प्रभाग समितीला मुख्यत्वे तीन कामं दिली : पाणी, मलनिस्सारण, स्वच्छता अशा नागरी सेवांच्या तक्रारींचं लवकर निवारण, आपल्या भागाच्या खर्चाच्या अंदाजांवर शिफारस, आणि अंदाजपत्रकात तरतूद असलेल्या पाच लाखांपर्यंतच्या कामांना मंजुरी. म्हणजे घंटागाडी आली नाही, चौकातला कंटेनर ओसंडून वाहतोय, झाडलेला कचरा दुपारपर्यंत ढिगातच पडून आहे, हे सांगायची जागा इथेच. आरोग्य निरीक्षक समोर बसलेला असतो. 'मुकादमाला सांगतो' हे त्याचं ठरलेलं उत्तर ऐकून गप्प बसायचं नाही. कुठल्या आरोग्य कोठीचा (सफाई सेवकांची हजेरी लागते त्या ठाण्याचा) मुकादम, त्या दिवशी हजेरीवर किती सेवक होते, हे विचारायचं आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायचं.

खरी ग्यानबाची मेख पुढेच आहे. झाडणकाम झालं नाही हे प्रभाग समितीला दिसतं, पण ठेकेदाराचं बिल अडवायचा अधिकार तिला नाही. स्थायी समितीने दंडाची अट घालून ठेका मंजूर केलेला असतो, पण गल्लीत कुणी झाडू मारला की नाही हे तिला कळत नाही. दोहोंच्या मध्ये प्रशासन. कायद्याप्रमाणे अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात, बिल त्यांच्या खात्यातून निघतं. प्रभाग समितीत नोंदलेली तक्रार त्या बिलाला आपोआप जोडली जात नाही. माझ्या मते कचऱ्याच्या निम्म्या तक्रारी या फटीतच गडप होतात.

पार्किंगच्या बाबतीत तर तिसराच गडी आहे. 'पे अँड पार्क'चे दर आणि धोरण महापालिकेच्या वरच्या पातळीवर ठरतात. २०१८ च्या मार्चमध्ये पुण्याचं पार्किंग धोरण स्थायी समितीतून मुख्य सभेत गेलं, तिथे रण पेटलं आणि शेवटी प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांपुरतं मंजूर झालं. पी-१, पी-२ (सम-विषम तारखांच्या पार्किंगचे) फलक, नो पार्किंग, टोइंगची गाडी, ई-चलान हे मात्र वाहतूक पोलिसांचं काम. उचललेल्या दुचाकीसाठी नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन भांडणाऱ्याला दोन्ही समित्या काही देऊ शकत नाहीत. वाहनतळाच्या आरक्षित जागेवर राडारोडा पडलाय किंवा ठेकेदार ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतोय, ही गोष्ट वेगळी. ती प्रभाग समितीत जरूर मांडावी.

मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या. पुढे तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकांच्या जागी नेमलेला प्रशासकच ठेका मंजूर करणारा, तोच अंमल करणारा आणि तोच तक्रार ऐकणारा होता. त्या काळातले ठेके पुढेही चालतात, त्यामुळे 'हे आमच्या वेळी झालं नाही' असं नगरसेवक म्हणाला तर तो खोटं बोलतोय असं नाही.

तक्रार घेऊन जाण्याआधी दोन कागद मिळवावेत. एक, आपल्या भागाच्या ठेक्याच्या निविदेतलं अटी-शर्तींचं पान, त्यातही दंडाचं कलम. दुसरा, गेल्या महिन्याच्या बिलासोबतची हजेरी किंवा फेऱ्यांची नोंद. माहिती अधिकारात दोन्ही मागता येतात. फेरी चुकलेली तारीख बिलात पूर्ण दाखवली असेल, तर तो कागद आधी प्रभाग समितीत इतिवृत्तावर घ्यायचा आणि त्याची प्रत स्थायी समितीतल्या एखाद्या, शक्यतो विरोधी पक्षाच्या, सदस्याच्या हातात द्यायची.