पाखरांनी खाल्लेलं फळ आणि करवंदाची खरी ओळख

‘पाखरं खातात ते रानफळ माणसाला बाधत नाही,’ असा निरोप दर उन्हाळ्यात फिरतो. तसं नाही. धनेश पक्षी काजऱ्याच्या झाडाची फळं खातो, पण बी न फोडता टाकतो. तेच बी माणसाचा जीव घेऊ शकतं.

खानापूरच्या रानात करवंदाची जाळी ओळखायची तर आधी काटे बघा: जोडीने येणारे, टणक, कधी दुभंगलेले. मग समोरासमोरची चिवट, चकचकीत पानं. देठ तोडला की पांढरा चीक येतो, पण एवढ्यावर थांबू नका. चीक विषारी कण्हेरीलाही असतो. तिला काटे मात्र नसतात. करवंद पिकून काळं होतं, आत लालसर गर. चव घेऊन पारख नकोच. शंका आली तर बाजारात करवंदं विकणाऱ्या मावशींना फांदी दाखवा.