वॉरंटी संपली की कंपनी हात वर करते?

‘गाडीची वॉरंटी संपली की कंपनी एक रुपयाही देत नाही’ हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरही बहुतेकदा हेच ऐकू येतं, त्यामुळे तो पटतोही.

पण तो पूर्ण खरा नाही. आधी रिकॉल तपासा, म्हणजे एखाद्या दोषासाठी कंपनीने तुमची गाडी दुरुस्तीला परत बोलावली आहे का ते पाहा. आरसीवरचा १७ आकडी-अक्षरी चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका. (त्यात ‘आय’ आणि ‘ओ’ नसतात, दिसतात ते एक आणि शून्य.) रिकॉल असेल तर वॉरंटी संपली तरी ते काम सहसा फुकट होतं.

रिकॉल नाही, पण त्या मॉडेलमध्ये तोच बिघाड अनेकांना येतोय? मग ‘गुडविल’, म्हणजे वॉरंटी संपल्यावरही खर्चात मदत, मागा. तो हक्क नाही, कंपनीची मर्जी. सर्व्हिसची सगळी बिलं जोडून लेखी मागा, आणि तेही दुरुस्तीआधी. कधी पार्टचा थोडा खर्च कंपनी उचलते, मजुरी आपल्याकडे राहते.