इव्हेंट लूप डिस्कपाशी का अडतो : पार्श्वभूमी

एकाच थ्रेडवर, म्हणजे सूचनांच्या एकाच प्रवाहात, हजारो जोडण्या सांभाळणाऱ्या सर्व्हरची चर्चा बहुधा नेटवर्कभोवतीच फिरते. प्रत्यक्षात अशा सर्व्हरला अनेकदा डिस्क अडवते. रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या व्यवहारांच्या स्कॅन केलेल्या पावत्या जळगावातील एखाद्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतील आणि मागितलेली पावती मेमरीत नसेल, तर मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवरून ती वाचण्यात दहा-बारा मिलिसेकंद सहज जातात. तेवढा वेळ इव्हेंट लूप, म्हणजे तयार असलेल्या जोडण्यांची कामे एकामागून एक उरकणारे सर्व्हरचे मुख्य चक्र, थांबतो आणि त्या पावतीशी काहीही संबंध नसलेला शहाद्याचा ग्राहकही ताटकळतो.

या अडचणीचे मूळ युनिक्सच्या एका जुन्या निर्णयात आहे. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत ‘सिलेक्ट’ आले; अनेक जोडण्यांपैकी कोणती वाचायला वा लिहायला तयार आहे हे ते सांगते. त्यात आणि नंतरच्या ‘पोल’मध्येही साध्या फाइली कायम ‘तयार’च मानल्या गेल्या. त्या नॉन-ब्लॉकिंग (न थांबवणाऱ्या) पद्धतीने उघडल्या तरी डिस्कवरचे वाचन थांबवतेच. या निर्णयाचे समर्थक दोन कारणे देतात. सॉकेटच्या (नेटवर्क जोडणीच्या टोकाच्या) पलीकडचा केव्हा बोलेल याला मर्यादा नसते, फाइलीतील मजकूर मात्र मागितल्यावर लवकरच मिळतो, हे पहिले. आणि फाइलीचा कोणता भाग हवा हे कळल्याशिवाय कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) तयारी तरी कशाची तपासायची, हे दुसरे. दुसऱ्या कारणात खरोखर वजन आहे. पहिले मात्र नेटवर्कवरील फाइल सिस्टिम किंवा भाराखाली दबलेली डिस्क समोर आली की टिकत नाही, आणि भुर्दंड पडतो तो सर्व्हर लिहिणाऱ्यावर. लिनक्समध्ये २००२ साली त्याच कामासाठी आलेल्या ‘ईपोल’ने साधी फाइल स्वीकारायचीच नाकारली. खोट्या होकारापेक्षा हे बरे, तरी प्रश्न होता तिथेच राहिला.

१९९९ मध्ये मांडल्या गेलेल्या एका रचनेत मजकूर मेमरीत नसल्यास मुख्य प्रक्रिया ते वाचन मदतनीस प्रक्रियांकडे सोपवत असे. पुढचे बहुतेक उपाय याच वाटेने गेले. लिनक्स २.६ मधील असिंक्रोनस (विनंती देऊन न थांबता पुढे जाण्याचे) वाचन कर्नलची कॅशे, म्हणजे वाचलेला मजकूर मेमरीत राखणारी जागा, टाळली तरच भरवशाचे ठरे, म्हणजे वारंवार लागणाऱ्या फाइलींसाठी ते उलट तोट्याचे होते. एन्जिन्एक्स या वेब सर्व्हरने २०१५ मध्ये थ्रेड पूल, म्हणजे अशा कामांसाठी राखून ठेवलेल्या थ्रेडचा गट, स्वीकारला. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या मुळाशी असलेल्या लिबयूव्ही या लायब्ररीतही असाच पूल आहे. त्यात मुळात चारच थ्रेड असल्याने चार संथ वाचने सुरू झाली की पाचवे रांगेत उभे राहते, आणि डोमेन नावांचा काही शोधही त्याच रांगेत येतो.

२०१९ मध्ये लिनक्स ५.१ बरोबर आलेल्या ‘आयओ-युरिंग’मध्ये कॅशेतून होणाऱ्या वाचनासाठीही विनंती टाकून मोकळे होता येऊ लागले; लगेच न होणारे काम कर्नल गरजेप्रमाणे स्वतःच्या थ्रेडकडे देतो. माझ्या मते १९८३ च्या निर्णयावरचे पहिले खरे उत्तर हेच आहे. तथापि २०२३ पासून काही कंटेनर व्यवस्थांनी (प्रोग्राम एकमेकांपासून वेगळे ठेवून चालवणाऱ्या साधनांनी) सुरक्षेच्या कारणाने ते मूळ मांडणीत बंद ठेवले आहे, त्यामुळे थ्रेड पूलची गरज अद्याप संपलेली नाही. तिथेही केवळ वाचन पूलकडे देऊन भागत नाही, कारण फाइल उघडताना होणारा डिरेक्टरीचा शोधसुद्धा डिस्कपर्यंत जाऊ शकतो आणि एन्जिन्एक्समध्ये ते उघडणे मुख्य लूपमध्येच होत आले आहे.