सात बाइटांची नोंद आणि तिचे तीन जादा बाइट

सेन्सरची स्थिती, वेळ आणि तापमान अशी एक नोंद पायथनमधून साठवायची आहे. जेसनमध्ये, म्हणजे मजकुराच्या रूपात माहिती लिहिण्याच्या पद्धतीत, १७०००००००० ही वेळ दहा अंकांची, म्हणून दहा बाइटांची. शिवाय रकान्यांची नावे दर नोंदीत पुन्हा लिहिली जातात. बायनरीत तीच वेळ चार बाइटांत मावते. स्थितीला एक आणि तापमानाला दोन धरले, की अख्खी नोंद सात बाइटांत आटोपते.

त्यासाठी पायथनमध्ये स्ट्रक्ट मॉड्यूल आहे. त्यातले पॅक हे फंक्शन किमतींचे बाइट करते; त्याला आधी फॉरमॅट द्यायचा: मोठा बी म्हणजे ऋण चिन्हाशिवायचा एक बाइट, मोठा आय म्हणजे तसेच चार, छोटा एच म्हणजे ऋण संख्याही चालणारे दोन. पण नुसती ही तीन अक्षरे देऊन त्याच मॉड्यूलमधल्या कॅल्कसाइझ फंक्शनला लांबी विचारली, तर नेहमीच्या संगणकांवर उत्तर येते १०. सुरुवातीला काही सांगितले नाही, तर मांडणी यंत्राच्या सोयीने होते. चार बाइटांची संख्या चारने भाग जाणाऱ्या जागी यावी म्हणून स्थितीनंतर तीन रिकामे बाइट घुसतात. सी भाषेत हाच स्ट्रक्ट सहसा १२ बाइटांचा होतो, कारण सी शेवटीही भर घालते आणि पायथन घालत नाही. एका बाजूला सी, दुसऱ्या बाजूला पायथन असेल, तर दुसऱ्या नोंदीपासून सगळे सरकते. पहिली नोंद मात्र बिनचूक दिसते, त्यामुळे एकाच नोंदीवर चाचणी घेणारा हमखास फसतो.

उपाय एका चिन्हाचा आहे. फॉरमॅटच्या आधी ‘पेक्षा लहान’चे चिन्ह (<) लावले, की पॅडिंग, म्हणजे ते रिकामे बाइट, जाते, लांबी ७ होते आणि बाइटांचा क्रमही पक्का होतो: सर्वांत लहान किमतीचा बाइट आधी. या क्रमात १००० ही संख्या चार बाइटांत २३२, ३, ०, ० अशी लिहिली जाते (३ गुणिले २५६ अधिक २३२). वाचणाऱ्याने ती उलट क्रमाने वाचली, तर ३८९२५१०७२० हाती येते, आणि कुठेही एरर येत नाही.

तापमान शंभराने गुणून पूर्णांकात ठेवावे, मग −३२७.६८ ते ३२७.६७ एवढी मर्यादा मिळते. गुणल्यावर राउंड करायचे, नुसते इंट नाही, कारण ते अपूर्णांक कापून टाकते: पायथनमध्ये ०.२९ ला १०० ने गुणून इंट केले तर २८ येतात.

मजकुराची लांबी ठरलेली नसते, म्हणून आधी लांबी आणि मग मजकूर लिहितात. इथे लांबी मोजणाऱ्या लेन फंक्शनने घात होतो, कारण ते बाइट नव्हे, तर अक्षरे आणि मात्रा अशी चिन्हे मोजते. ‘मराठी’ या शब्दाची लेन ५ येते, पण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरांचे बाइट करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, तो १५ बाइटांचा असतो. लांबी म्हणून ५ लिहिले, तर वाचणारा ‘म’ पूर्ण घेतो, ‘र’चे तीनपैकी दोनच बाइट उचलतो आणि डिकोड करताना अडकतो. आधी एन्कोड करा, मग मोजा.

एवढा खटाटोप टाळायला पायथनमधल्या वस्तू थेट साठवणारे पिकल मॉड्यूल आहेच, पण परक्याकडून आलेली पिकल फाइल उघडणे म्हणजे त्याचा कोड आपल्या संगणकावर चालू देणे. तिथे मेसेजपॅक किंवा प्रोटोकॉल बफर्स हे तयार बायनरी फॉरमॅट बरे.

स्वतःचाच फॉरमॅट ठेवायचा असेल, तर फाइलच्या सुरुवातीला ओळखीचे काही बाइट आणि आवृत्तीचा एक बाइट टाका. पीएनजी या चित्रांच्या फाइलची सुरुवात १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० अशी आठ बाइटांची असते. मधली ८०, ७८, ७१ ही पी, एन, जी अक्षरे. त्यापुढच्या १३, १० मुळे वाटेत कोणी फाइलला मजकूर समजून ओळीच्या शेवटच्या खुणा बदलल्या, तर ते पहिल्या आठ बाइटांतच पकडले जाते.