एक शहर, एक पुस्तक

गावातल्या वा शहरातल्या जास्तीत जास्त लोकांनी ठरावीक काळात एकच पुस्तक वाचावे आणि त्यावर एकमेकांशी बोलावे, यासाठी प्रामुख्याने सार्वजनिक ग्रंथालये चालवत असलेला वाचन-उपक्रम. निवड बहुधा कादंबरीची होते, त्यातही अभिजात कादंबरीला विशेष पसंती असते.

उपक्रमाचा उगम अमेरिकेतला. १९९८ साली सिअ‍ॅटल सार्वजनिक ग्रंथालयातील ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला. पहिले पुस्तक मात्र अभिजात नव्हे, तर रसेल बँक्स या समकालीन लेखकाची कादंबरी होती. २००१ मध्ये शिकागोने हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ निवडली आणि उपक्रमाला खरी प्रसिद्धी मिळाली. तिथे ग्रंथालयाने वाचकांना कपड्यांवर लावायचे छोटे बिल्ले दिले. बिल्ला दिसला की अनोळखी माणसालाही ‘कुठवर आलात?’ असे विचारता यावे, ही त्यामागची कल्पना. उपक्रमाचे मर्म या बिल्ल्यात नेमके दिसते. पुस्तक प्रत्येकजण एकट्यानेच वाचतो, पण त्याविषयी बोलायला सोबत लागते आणि ती सोबत ग्रंथालय मिळवून देते.

अमेरिकेत साहित्यवाचन घटत असल्याचे २००४ च्या एका राष्ट्रीय पाहणीत दिसल्यावर तेथील राष्ट्रीय कलानिधीने ‘द बिग रीड’ ही अनुदान योजना आखली. २००६ मध्ये ती १० ठिकाणी प्रायोगिक स्वरूपात राबवली गेली. आयर्लंडमध्ये डब्लिन शहर २००६ पासून दरवर्षी असा उपक्रम घेते.

ग्रंथालयाला प्रतींची तजवीज आधीपासून करावी लागते. मागणी एकाच वेळी येते, त्यामुळे जादा प्रती, मोठ्या टाइपातील आवृत्ती, ध्वनिपुस्तके आणि शक्य तिथे अनुवादही लागतात. जोडीला गटचर्चा, व्याख्याने, नाट्यवाचन, चित्रपट असतात. चर्चा रंगते ती कादंबरीतल्या नैतिक पेचावर. अमुक पात्र असे का वागले, यावर दोन पिढ्या समोरासमोर बसून वाद घालतात, तेव्हा जुनी कादंबरी आजची होते.

सर्वांत अवघड काम निवडीचे. न्यूयॉर्कमध्ये २००२ साली निवडीवरूनच मतभेद झाले आणि शहराचे एकमत होऊ शकले नाही. समीक्षक हॅरॉल्ड ब्लूम यांना तर असे सामुदायिक वाचन मुळातच मान्य नव्हते. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण पुस्तक सक्तीचे वाटू लागले की वाचक दुरावतो. म्हणूनच अनेक ग्रंथालये निवडीत वाचकांचे मत घेतात आणि पुस्तक न वाचता आलेल्यालाही चर्चेला बसू देतात.