पिशवी कोणी आणायची?

इंदुरात आपण मराठी बोलतानाही प्लास्टिकच्या पिशवीला सर्रास 'पन्नी' म्हणतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हा शब्द चटकन कळत नाही, त्यांची ती कॅरीबॅग. आजीच्या तरुणपणी मात्र दोन्ही शब्दांची गरज नव्हती, कारण वस्तूच नव्हती. बाजाराला निघताना दाराआडच्या खुंटीवरची पिशवी घ्यायची, विसरली तर अर्ध्या वाटेतून परत फिरायचं, एवढा साधा कायदा. सियागंजात किंवा मारोठिया बाजारात दुकानदार माल तोलून कागदाच्या पुडीत बांधी, पुडीला दोरा गुंडाळी आणि तिथे त्याचं काम संपे. पुड्या घरी कशातून न्यायच्या, हे गिऱ्हाइकाने बघायचं.

किराण्यासाठी टिकाऊ पिशवी कुठली घ्यावी, कापडाची की तागाची, जाड की धुवायला सोपी, ही चर्चा आता घरोघरी चालते. पिशवी कशाची, याचाच तेवढा विचार होतो. माझ्या मते खरा बदल झाला तो पिशवी कोणी आणायची यात. आधी गिऱ्हाईक आणी, मग दुकानदार देऊ लागला, आणि आता पुन्हा गिऱ्हाइकाने आणावी असं सरकार सांगतंय. पिशवी टिकेनाशी झाली ती या अदलाबदलीत.

इंदूरला कापडाची ददात कधीच नव्हती. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात इथे दरबारची कापडगिरणी उभी राहिली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीसेक वर्षांत मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याण, भंडारी अशा गिरण्यांची रांगच लागली. शेठ हुकुमचंदांना तर देशाचे 'कॉटन किंग' म्हणत. तुकोजीराव होळकर याच नावाचं कापड मार्केट शहराच्या मध्यावर. अशा गावात कटपीस सांभाळून ठेवायचा आणि त्याची पिशवी शिवायची यात काटकसरीचा आव नव्हता. ती घरातली रीत होती, पापड लाटण्यासारखी.

आमच्याकडची सगळ्यांत जुनी पिशवी आजीने शिवलेली. गादीपाटाची, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. त्यातलं पांढरं आता चहाच्या रंगाचं झालंय. ती नीट उलटीपालटी करून बघायला मी फार उशिरा शिकलो. तिचा पट्टा तोंडाशी नुसता टाचलेला नाही. तो एका बाजूने पार खाली जातो, तळाखालून फिरतो आणि दुसऱ्या बाजूने वर येतो. बटाट्यांचं वजन त्यामुळे कापडाला ओढत नाही, पट्ट्याच्या झोळीत बसतं. पट्टा जिथे काठ सोडतो तिथे चौकोनी टीप आणि चौकोनात फुली. आतल्या शिवणी दुमडून दुसऱ्यांदा शिवलेल्या, एक दशी बाहेर नाही. तळाचे दोन कोपरे आतून तिरके दाबलेत, त्यामुळे पिशवी खाली ठेवली की बैठक मारून बसते, लवंडत नाही. टिकाऊ पिशवीबद्दल पुढे मी जे काही वाचलं ते बहुतेक या एका पिशवीत आधीच होतं.

या सपाट तळाची गोष्ट गमतीची आहे. अमेरिकेत मार्गारेट नाइट या बाईंनी सपाट तळाची कागदी पिशवी बनवणारं यंत्र तयार केलं. त्याची नक्कल करून एका पुरुषाने पेटंट आपल्या नावावर करायला घेतलं. बाई कोर्टात गेल्या, जिंकल्या, आणि १८७१ मध्ये पेटंट त्यांना मिळालं. आजीने तीच बैठक सुई-दोऱ्याने साधली आणि कोणाला सांगितलंही नाही.

मधल्या काळात प्लास्टिकच्या वायरच्या विणलेल्या पिशव्या आल्या. दुपारच्या वेळी बायका त्या घरीच विणत, लाल-पिवळ्या चौकड्यांच्या. भाजीसाठी नायलॉनच्या जाळीची पिशवी आली. प्लास्टिकच होतं ते, पण घरचं होतं आणि वर्षानुवर्षं चालायचं. प्लास्टिक शिरलं म्हणून बिघडलं असं सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे.

पन्नीचं मूळ स्वीडनमध्ये आहे. सेल्लोप्लास्ट नावाच्या तिथल्या कंपनीत स्टेन गुस्ताफ थुलिन हे अभियंते होते. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी प्लास्टिकची चपटी नळी घेतली, वर-खाली तापवून चिकटवली आणि मधला तुकडा असा कापला की बनियनच्या खांद्यांसारखे दोन कान उरले. शिवण नाही, वेगळा पट्टा नाही. १९६५ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं. जेमतेम आठ ग्रॅमची वस्तू कित्येक किलो माल उचलू लागली. थुलिन यांच्या मुलाने पुढे सांगितलं की वडील एक पिशवी घडी करून खिशात ठेवत आणि पुन्हा पुन्हा वापरत. कागदी पिशव्यांसाठी झाडं तोडली जातात म्हणून ही केली होती, ती एकदा वापरून कोणी फेकेल हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. बिचाऱ्यांनी घरून न्यायची पिशवी केली आणि जगाने ती दुकानदाराच्या खिळ्यावर टांगली.

आपल्याकडे ती पसरली १९८० आणि १९९० च्या दशकांत. दुकानदाराला गिऱ्हाईक धरून ठेवायचं होतं, गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने ऑफिसातून थेट बाजारात जायचं होतं. 'झोला नहीं लाए? कोई बात नहीं भिया, पन्नी में दे देता हूँ.' या एका वाक्याने खुंटीवरची पिशवी निवृत्त झाली. त्याच सुमारास गिरण्यांचे भोंगेही बंद होत गेले. हुकुमचंद मिल १९९१-९२ च्या सुमारास बंद पडली आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये मार्गी लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. गिरण्या गेल्या, अनंत चतुर्दशीच्या त्यांच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांचे चित्ररथ, मात्र अजून निघतात. (मिल बंद पडल्यामुळे पन्नी आली असं मी म्हणत नाही. पण घरात कटपीस येणं थांबलं आणि दुकानात पिशवी फुकट मिळू लागली, हे एकाच पिढीने पाहिलं.)

मग कायद्यांचं सत्र सुरू झालं, आणि ते बरीच वर्षं फक्त जाडी मोजत राहिलं. १९९९ च्या केंद्राच्या नियमांत पिशवी निदान २० मायक्रॉनची हवी होती. २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि २०२२ च्या अखेरीपासून १२०. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ठेल्यावर धनिया-मिर्ची बांधून देणाऱ्याने तो कशाने मोजावा? जाडी वाढवण्यामागचा हिशेब तसा बरोबर आहे: जाड पिशवी महाग पडते, महाग वस्तू कोणी फुकट वाटत नाही, आणि जाड प्लास्टिक कबाड्यालाही उचलावंसं वाटतं. २०११ च्या नियमांत तर दुकानदाराने कॅरीबॅग फुकट देऊ नये असं स्पष्ट लिहिलं होतं. मला ते कलम सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं, कारण पिशवी कोणाची हा प्रश्न तेवढ्या एका कलमाने विचारला होता. आमच्या गल्लीत ते कधी पोचल्याचं आठवत नाही.

मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये जाडीचा वाद बाजूला ठेवून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवरच बंदी आणली. घोषणा प्रजासत्ताक दिनी झाली, अंमल मे महिन्यात. पन्नीत बांधून फेकलेलं शिळंपाकं खाताना गाई ती पन्नीही गिळतात आणि मरतात, हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. त्याच वर्षी स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर देशात पहिलं आलं आणि मग २०२३ पर्यंतच्या सर्वेक्षणांत तो नंबर आपण सोडला नाही. देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर साठलेला सुमारे तेरा लाख टन जुना कचरा उपसून वेगळा केला गेला. त्या ढिगात पन्नी किती असेल याचा अंदाज तिथून नाक दाबून गेलेल्या प्रत्येकाला आहे. आता दारात कचरागाडी येते, ओला-सुका वेगळा द्यावा लागतो, आणि पन्नीत गाठ मारून दिलेला ओला कचरा गाडीवाला परत करतो. माझ्या मते पन्नीची सवय इथे मोडली ती दंडापेक्षा या रोजच्या गाडीने.

पण पन्नीची जागा घेतली ती कापडाने नव्हे.

'कपड़े की है, ले जाओ' म्हणून दुकानदार जी रंगीत, हलकी पिशवी देतो, तिच्यात सुताचा धागाही नसतो. ती नॉन-वोवन, म्हणजे न विणलेली, पॉलिप्रॉपिलीनची. वितळलेल्या प्लास्टिकचे केसासारखे तंतू सरकत्या पट्ट्यावर अंथरतात आणि तापलेल्या रुळांखालून काढतात. रुळावर ठिपके असतात, तेवढ्याच जागी तंतू एकमेकांना चिकटतात. पिशवी उजेडात धरली की तो ठिपक्यांचा छाप दिसतो. ताणा-बाणा नाही. नुसतं भोक पाडलं तर डी-कट, बनियनसारखी कापली तर यू-कट, ही बाजारातली नावं. कान वेगळा असेल तर तोही बहुधा शिवत नाहीत, चिकटवतात. अशाच एका पिशवीने मला चौकात दगा दिला. तिच्यात दोन किलो पोहे, गुळाची ढेप आणि तेलाची बाटली होती. कान हातात राहिला, बाकी सगळं रस्त्यावर. पोहे पाकिटात होते म्हणून वाचले, तेलाचं विचारू नका.

ही पिशवी वाईटच असते असं नाही. जाड आणि शिवलेली असेल तर शंभरदा सहज वापरता येते. २०२१ च्या दुरुस्तीने तिलाही किमान ६० जीएसएमची अट घातली, म्हणजे एक चौरस मीटर तुकड्याचं वजन निदान ६० ग्रॅम भरायला हवं. फुकट मिळते ती इतकी विरळ असते की पलीकडचा हात दिसतो. उन्हात राहिली की तिचा भुगा होतो, आणि तो भुगा पन्नीहून वाईट, कारण तो वेचताही येत नाही. खरं-खोटं ओळखायचं तर कडेचा एक धागा उसवून जाळून बघावा. सूत जळलं की कागद जळल्याचा वास आणि राख. प्लास्टिक आक्रसून त्याचा मणी होतो. मुळात उसवायला धागाच मिळाला नाही तर काडी ओढायचीही गरज नाही.

मग खऱ्या कापडाचीच घ्यावी, एवढं सोपं आहे का? ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये एक अहवाल काढला. एकदाच वापरून टाकलेल्या पन्नीशी, हवामानावरच्या परिणामापुरती, बरोबरी करायला नव्या सुती पिशवीला १३१ वेळा बाजार करावा लागतो, जाड नॉन-वोवन पिशवीला ११ वेळा. डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात सगळे परिणाम धरून साध्या, म्हणजे सेंद्रिय नसलेल्या, कापसाच्या नव्या पिशवीचा आकडा ७,१०० पर्यंत गेला. आठवड्यातून दोनदा बाजार धरला तर १३१ म्हणजे सव्वा वर्ष. ७,१०० म्हणजे अडुसष्ट वर्षं! कापसाला पाणी लागतं, खत लागतं, कताई-विणाईला वीज लागते, त्याची ही किंमत. हे आकडे दाखवून पन्नीची बाजू घेणारेही भेटतात. पण गटारात अडकणं आणि गाईच्या पोटात जाणं या हिशेबात फारसं उतरत नाही, हे ते सांगत नाहीत.

आकड्यांचा मला समजलेला अर्थ वेगळाच आहे. ते नव्या पिशवीचे आहेत. समारंभात, साडीच्या दुकानात, बँकेच्या शिबिरात छापील कापडी झोले वाटले जातात, आणि आमच्याच कपाटात असे अकरा निघाले. त्यातले नऊ बाजार न बघितलेले. सुती असूनही ते पन्नीच्याच रांगेतले, कारण ते कोणीतरी दिलेले. जुन्या विजारीच्या पिशवीचं मात्र तसं नाही. तिचा कापूस, तिचं पाणी, तिची वीज विजारीच्या खात्यावर आधीच पडलेली असते. तिची मोजणी जवळपास शून्यापासून सुरू होते.

ताग दिसायला भरभक्कम, देशात त्याच्या गिरण्या १८५५ पासून आहेत आणि धान्याच्या गोणीला त्याला तोड नाही. पण ओल्या पालेभाजीने तो कुजतो, धुतला की आकार सोडतो, आणि आतून प्लास्टिकचा अस्तर लावलेला असेल तर धड ताग नाही आणि धड प्लास्टिक नाही. कोरड्या किराण्याला ठीक. चोइथराम मंडीतून पावसाळ्यात मेथी आणायला नको.

मी आता गल्लीतल्या शिंपीकाकांकडे जुन्या जीन्स देतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा आजीची गादीपाटाची पिशवी नमुना म्हणून नेली होती. काकांनी ती उलटी केली, तळाखालून गेलेल्या पट्ट्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "असं आता कोणी करून मागत नाही हो, कापड जास्त लागतं." मग जीन्स हातात घेतली, दोन्ही पाय उसवून जोडले तर ऐसपैस पिशवी निघेल असं टेपने मोजून सांगितलं. पट्ट्यासाठी मी बाजारातून निवार आणायला निघालो तर त्यांनी थांबवलं. कमरेची पट्टी उसवून टेबलावर आपटली. "हे काय आहे मग? एवढी वर्षं पोट धरून ठेवलंय हिने, दहा किलो कांदे काय जड?"