शाँबेर्तँ की जव्रे-शाँबेर्तँ?

आपल्याकडे माणूस गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव लावतो. फ्रान्समधल्या बर्गंडी या वाईनच्या प्रदेशात, दिजाँ शहराच्या दक्षिणेला एका गावाने उलट केलं, आपल्याच शिवारातल्या द्राक्षमळ्याचं नाव स्वतःला लावून घेतलं. गाव जव्रे, मळा शाँबेर्तँ. १८४७ मध्ये राजा लुई-फिलिपच्या काळात गाव अधिकृतपणे ‘जव्रे-शाँबेर्तँ’ झालं, आणि वाईनचं लेबल वाचणाऱ्यांचा घोळ सुरू झाला.

नुसतं ‘शाँबेर्तँ’ म्हणजे जेमतेम १३ हेक्टरांचा एकच मळा, दर्जा ग्राँ क्रू, म्हणजे बर्गंडीतली सर्वांत वरची पायरी. ‘जव्रे-शाँबेर्तँ’ ही गावाच्या शेकडो हेक्टर शिवाराची वाईन. द्राक्ष दोन्हीकडे पिनो न्वारच. फरक जमिनीचा. मळा उतारावर आहे, तोंड पूर्वेला, चुनखडीवर मातीचा पातळ थर, पाणी साचत नाही. गावाच्या वाईनची बरीचशी द्राक्षं खालच्या, खोल मातीच्या शिवारातून येतात.

मधली जोडरेघ पाहून मात्र निवाडा करू नका. शार्म-शाँबेर्तँ, लात्रिसिएर-शाँबेर्तँ हीसुद्धा ग्राँ क्रूच, कारण तिथे आधी आलेलं नाव मळ्याचं आहे. शेजारच्या क्लो द बेझ या मळ्याची वाईन नुसती ‘शाँबेर्तँ’ म्हणून विकता येते, शाँबेर्तँची क्लो द बेझ म्हणून विकता येत नाही. आणि याच गावातला क्लो सँ-जाक हा मळा कागदावर एक पायरी खाली, प्रमिए क्रू. तरी चांगल्या हातची असेल तर काही ग्राँ क्रूंपेक्षा मी तीच आधी उचलेन.

चवीत फरक शोधायचा तो घोट गिळल्यानंतर. तरुण गाववाली वाईन चेरी-रास्पबेरीचा वास मोकळेपणाने देते, थोडी मातकट लागते, आणि चव लवकर ओसरते. तरुण शाँबेर्तँ सुरुवातीला फारसं बोलत नाही. तुरटपणा बारीक पण घट्ट, आणि चव कितीतरी वेळ जिभेवर रेंगाळते. हे रेंगाळणं हीच तिच्या मुरण्याची हमी. कच्चं लोणचं खाऊन बरणीला नावं ठेवावीत, तसं होतं ती लवकर उघडली की.

गाववाली साधारण ५ ते १० वर्षांत प्यावी. शाँबेर्तँला किमान १०-१२ वर्षं द्यावीत. चांगल्या सालची २०-३० वर्षंही टिकते, आणि मग ओल्या पालापाचोळ्याचा, मशरूमचा, चामड्याचा वास येऊ लागतो. मधे काही वर्षं ती मिटून बसते, वास-चव फारशी देत नाही, तेव्हा ती बिघडली असं समजू नका.

एवढी वर्षं ठेवायची तर १२-१४ अंश स्थिर तापमान हवं, अंधार हवा, आणि बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी हवी. मुंबई-पुण्यातलं कपाट किंवा माळा यासाठी नाही. एकदोन उन्हाळ्यांतच फळाचा ताजेपणा जातो. वाईनचं खास कपाट नसेल तर शाँबेर्तँ साठवूच नये, गाववाली आणावी आणि लवकर संपवावी. जुनी बाटली उघडण्याआधी एक दिवस उभी ठेवा, गाळ तळाशी बसू द्या, आणि १६ अंशांच्या आसपास, हलक्या हाताने ओता.